लिंबांना कुणी हात लावला नाही

नोकरीत मी दरोडेखोर पाहिले, खुनी पाहिले, चोरीचा बोकड मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या अंगणात बांधलेला पाहिला. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं. पण डांबरी रस्त्यावर चिरडून पडलेली ती चार लिंबं काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाहीत, कारण त्या लिंबांना मी वळसा घातला होता. खांद्यावर तीन तारे, कमरेला पिस्तूल, गणवेशाला अशी इस्त्री की कागद कापला जावा, आणि या निरीक्षक बाई चार लिंबांना भिऊन कडेच्या गवतातून गेल्या! त्या बाई आज मला भेटल्या तर आधी त्यांना ठाण्याच्या बाकावर बसवीन, पाणी देईन आणि मग विचारीन, "मॅडम, आपण तपासाला आला होतात की ओटी भरायला?"

आज हसते, पण त्या वळशामुळे एका मुलीच्या माथी नसलेला गुन्हा बसणार होता. म्हणून सगळं क्रमाने सांगते. नावं कुणाचीच घेणार नाही. बरीच मंडळी अजून सिल्वासातच आहेत आणि बाजारात भेटतात.

खेरडीच्या बाजूला तेव्हा एका नव्या औद्योगिक वसाहतीची आखणी झाली होती. प्लॉट पडले होते, मधून रुंद, सरळसोट डांबरी रस्ता गेला होता, कारखाने मात्र यायचे होते. असा रिकामा रस्ता दिसला की कुणाला तरी गाडी पळवायची हुक्की येतेच. आमच्याकडच्या एका हौशी व्यावसायिकाने ते रीतसर करायचं ठरवलं. त्यांना मी इथे शेठ म्हणते. शेठनी परवानगी काढली, रुग्णवाहिका ठरवली, बाहेरगावाहून ट्रॅक आखून देणारा तज्ज्ञ आणला आणि पेशाने शर्यती खेळणारे चालक बोलावले. शर्यतीचा प्रकार ड्रॅग रेसचा. सरळ रस्त्यावर गाडी उभी करायची, दिवा हिरवा झाला की सोडायची, पाव मैलावरची रेघ कमीत कमी वेळात ओलांडायची. वळण नाही, फेरी नाही. दहा-बारा सेकंदांत कारभार आटोपतो. बंदोबस्ताचा अर्ज वाचून मी म्हणाले होते, "एवढ्याशा खेळाला मांडव, पाहुणे आणि पोलीस? लग्नं याहून कमी खर्चात होतात."

शनिवारी सराव होता. त्याला प्रेक्षक नव्हते, म्हणून आम्ही माणसं दिली नाहीत. रविवारी सकाळी दोन शिपाई फाटकावर ठेवले. शुभारंभाची पहिली गाडी एकटीच सुटणार होती आणि तो मान मिळाला होता सिल्वासातच वाढलेल्या एका मुलीला. वडील जळगावकडून इथे धाग्याच्या कारखान्यात कामाला आले, इथेच राहिले. ही पुढे पुण्याला गेली, गाड्यांच्या नादाला लागली आणि त्याच नादावर पोट भरू लागली. अशी मुलगी पाहुण्यांसमोर पहिली गाडी काढणार म्हणून वस्तीतली माणसं मुद्दाम आली होती.

गाडी सुटली, पाव मैलाची रेघ पार झाली, आणि थांबायच्या जागेत थांबलीच नाही. रस्ता संपतो तिथे वसाहतीचं फाटक, फाटकाच्या आत पाण्याचा टँकर उभा होता. गाडी त्याच्यावर जाऊन आदळली. टँकरच्या सावलीत बसलेल्या त्याच्या चालकाचा पाय मोडला. मुलीचं कमरेचं हाड आणि मनगट गेलं, डोक्याला मार बसला. दोघांनाही रुग्णालयात नेलं आणि ठाण्यात फोन आला.

मी पोचले तेव्हा टँकरची तोटी तुटून सगळं पाणी रस्त्यावर पसरलं होतं. गर्दी हटवली, दोरी बांधली, पंच शोधायला माणूस पाठवला. पंच व्हा म्हटलं की भल्याभल्यांना एकदम गॅसचा सिलिंडर आणायची आठवण होते, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. शेवटी एक मांडववाला आणि एक वडापाववाला मिळाला.

गाडीचं नाक पार चेपलं होतं. आतला लोखंडी नळ्यांचा पिंजरा मात्र जागचा हलला नव्हता. मुलीला बाहेर काढणारे सांगत होते, तिला पाच पट्ट्यांनी आसनाशी जखडलेलं होतं, मानेला आधाराचं कडं, अंगात आग न धरणारा पोशाख, डोक्यावर हेल्मेट. हेल्मेट एका बाजूला तडकलं होतं, ते मी मुद्देमालात जप्त केलं. या सगळ्या सरंजामाकडे बघून आमच्या हुशार निरीक्षक बाईंना काय सुचावं? "एवढं बांधून बसली म्हणजे आपण आपटणार हे हिला ठाऊकच होतं." मी हे मोठ्याने म्हणाले होते. वडापाववाला पंच मान डोलवत होता.

शेठ घामाघूम होऊन मागे-पुढे करत होते. ते मराठी, गुजराती आणि हिंदी एकाच घोटात बोलत. "मॅडमजी, आपण सगळं बराबर ठेवलं होतं. लडकीने ब्रेक लेट मारला, बस. या ना बेन, दाखवतो." त्यांनी मला फाटकापासून थोडं अलीकडे नेलं. तिथे टायरचे दोन जाड काळेकुट्ट पट्टे उमटले होते. "हे बघा. अहींया ब्रेक मारला. किती लेट!"

मी मोजपट्टी लावली आणि लिहून घेतलं: चालकाने अतिशय उशिरा ब्रेक लावल्याच्या खुणा. अपघातांचे पंचनामे मी ढिगाने केले होते. काळा पट्टा दिसला की ब्रेक, हे माझं गणित तोंडपाठ.

इतक्यात आमचे हवालदार दुसऱ्या टोकाकडून आले. सुरंगी गावाकडचा माणूस, बोलणं जेवढ्यास तेवढं. "मॅडम, पल्याडच्या टोकाला बी काळं पट्टं हायत. आन् उतारा टाकलाय कुनीतरी."

उतारा म्हटल्यावर माझी पावलं जड झाली. माझं माहेर पालघरकडचं. तिठ्यावर ओवाळून टाकलेलं काही दिसलं तर ओलांडायचं नाही, हे आईने मुळाक्षरांच्या आधी शिकवलेलं. तिकडे गेले तर खरंच, कुंकू सांडलेलं, नारळाची भकलं आणि चिरडलेली लिंबं. मी सरळ गवतात उतरले आणि लांबून एक नजर टाकली. काळे पट्टे दिसले. पोरांनी आधी चाकं फिरवून मस्ती केली असेल, म्हणून सोडून दिले. त्याच्या मागे रस्त्यावर वाळूचा मोठा, जाड थर पसरलेला होता. कुणाच्या तरी बांधकामाची असेल, म्हणून तोही सोडला. जाताना हवालदारांना मात्र बजावलं, "त्या उताऱ्याला कुणी हात लावू नका." त्या दिवशी मी दिलेला एकमेव शहाणपणाचा हुकूम हा, आणि तोही भीतीपोटी.

निष्काळजीपणाने गाडी चालवून गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा मुलीवर नोंदवला.

सोमवारी ठाण्याच्या फोनवर एक खबर आली. आवाज पुरुषाचा, नाव सांगितलं नाही. "उस लडकी ने रात को पार्टी की थी. खून चेक करो उसका," एवढंच बोलून फोन ठेवला. ठाणे अंमलदाराने माझ्या टेबलावर चिठ्ठी आणून ठेवली तेव्हा मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? तयार आरोपी, तयार कारण. पण रुग्णालयात विचारलं तर दाखल करतानाच डॉक्टरांनी तपासलं होतं. दारूचा मागमूस नव्हता.

तिथे मी पहिल्यांदा थबकले. निनावी खबर देणाऱ्यांचे दोन प्रकार मी पाहिले आहेत. एकाला गुन्हेगार पकडला जावा असं वाटतं. दुसऱ्याला आपल्याकडे कुणी बघू नये असं वाटतं. पहिला घाबरत, अडखळत बोलतो. दुसऱ्याचं वाक्य आधी घोकलेलं असतं. या माणसाने पोलिसांनी काय करावं तेही सांगून टाकलं होतं.

म्हणून मी जबाब घ्यायला स्वतः गेले. बरोबर घटनास्थळाचे फोटो घेतले. मुलीच्या खाटेजवळ तिची आई बसली होती, डाळिंब सोलत. कपाळावर ठसठशीत कुंकू, नजर अशी की आपलाच जबाब होतोय असं वाटावं.

"या मॅडम," बाई म्हणाल्या. "स्टूल आहे तिथे. उशिरा नका बसू हं, नाहीतर आमच्यावर यायचं."

"आई!" मुलगी म्हणाली. तिचा एक डोळा सुजून मिटला होता, हात प्लास्टरमध्ये, कमरेखाली हलायची सोय नव्हती.

"आई काय? खरंच बोलते. मॅडम, त्यांच्या संघटनेने पोलिसांचा कागद मागितलाय. तुम्ही चूक हिची लिहिली की हिचा शर्यतीचा परवाना गेला. मग ही काय करणार? हिला दुसरं काही येत नाही."

"पोहे येतात मला."

"पोह्यांना परवाना लागत नाही, म्हणून येतात. लागला असता तर तोही गमावला असतास."

दोघी हसल्या. मला मात्र कळलं की कागद माझ्या हातात आहे आणि ही पोरगी हसून वेळ मारून नेते आहे.

"रविवारी सकाळी काय झालं?" मी विचारलं.

"ते आठवत नाही, मॅडम. शनिवारची संध्याकाळ आठवते, त्यानंतर एकदम इथलं छत. पण मला एक सांगा, वाळू कुठे गेली?"

"कुठली वाळू?"

"ट्रॅकच्या शेवटची. मी शनिवारी अख्खा ट्रॅक पायी बघितला. कुठेही गेले तरी बघते. रेघेनंतर थोडा चढ होता, चढाने वेग आपोआप पडतो. चढ संपला की वाळू. टाच रोवली तर घोट्यापर्यंत पाय गेला. मला एवढं बरं वाटलं! ब्रेक गेले, पाय घसरला, काहीही झालं तरी गाडी त्या वाळूत रुतणार, आणि वाळूच्या पलीकडे मोकळं शेत. आखणाऱ्याने मन लावून काम केलं होतं. मग मी टँकरपर्यंत पोचले कशी?"

मी समजुतीच्या स्वरात म्हणाले, "वाळू शेवटाला नाहीये. सुरुवातीच्या टोकाला आहे. मी स्वतः पाहिली."

"सुरुवातीला वाळू कोण टाकेल, मॅडम? सुरुवातीला गाडी उभीच असते."

डोक्याचा मार, मी मनात म्हटलं. आणि तिला गप्प करायला पाकिटातला हुकमी फोटो काढला. "हे बघ. फाटकाजवळ तू ब्रेक लावलेस त्याचे डाग."

तिने उघड्या डोळ्याने फोटो पाहिला आणि हसायला लागली. हसताना बरगड्या दुखत होत्या, म्हणून "आई गं, आई गं" म्हणत हसत होती.

"मॅडम, हे ब्रेकचे नाहीत! हे टायर तापवल्याचे. सुटायच्या आधी मागची चाकं ओली करून जागच्या जागी गरागरा फिरवतात. रबर तापतं, रस्त्याला चिकटतं, मग गाडी सटकत नाही. तुम्ही सुरुवातीचा डाग शेवटाचा म्हणून लिहिलात?"

"ब्रेकचा नाही कशावरून?" माझा आवाज चढला होता. चुकलेल्या माणसाचा चढतोच.

"ब्रेकचा डाग फिका सुरू होतो आणि गडद होत थांबतो. चाक फिरवल्याचा जाड आणि गडद सुरू होतो, गाडी पुढे निघाली की फिका होत जातो. बघा ना. यात गडद टोक कुठल्या बाजूला आहे?"

मी फोटो फिरवला, पुन्हा फिरवला. मागे दिसणाऱ्या विजेच्या खांबावरून दिशा लावली. "फाटकाकडे. म्हणजे पूर्वेला."

"आणि फिका होत गेलाय पश्चिमेला. म्हणजे ही गाडी फाटकाजवळून सुटून वाळूकडे गेली. शनिवारी आम्ही असेच गेलो होतो. आता दुसऱ्या टोकाचा फोटो दाखवा."

दाखवला. मी गवतात उभं राहून लांबून काढलेला, तरी कळत होतं. तिचं हसू मावळलं.

"हा उलटा आहे," ती हळू म्हणाली. "हा वाळूकडून सुटून फाटकाकडे गेलाय. मॅडम, कुणीतरी ट्रॅक फिरवला."

आईने डाळिंबाची वाटी खाली ठेवली. "फिरवला म्हणजे? रस्ता काय फिरकीचा तांब्या आहे?"

"आई, मला जी वाळू थांबवणार होती ती माझ्या पाठीमागे होती." मग माझ्याकडे वळून, "पण मी गेले कशी? दिशा बदललेली बघून मी बसलेच कशी गाडीत? मी अशी नाही हो."

मी फोटो पाकिटात भरले. तिला आपटल्याहून ते न आठवणंच जास्त दुखत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी हवालदारांना घेऊन जागेवर गेले. कमान गेली होती, दिव्यांचे खांब गेले होते, मांडव गेला होता. वाळूही निम्मी उचलली होती. रस्ता असा झाडून काढला होता की कुणी म्हणावं, इथे कधी काही झालंच नाही. फक्त पश्चिमेच्या टोकाला नारळाची भकलं, कुंकू आणि लिंबं जशीच्या तशी. झाडणाऱ्या बायकांनी त्याच्याभोवती गोल सोडून झाडलं होतं.

"हे का राहू दिलं?" मी तिथल्या एकीला विचारलं.

"आमाला काय येड लागलंय काय, बाई? ज्यानं टाकलं त्यानं उचलावं."

पुरावा नाहीसा करायला शेठनी माणसं लावली, आणि त्या माणसांनी सगळं उचललं. पण लिंबांना हात लावायची कुणाची छाती झाली नाही. माझीही झाली नव्हती. या वेळी मात्र मी रस्त्यावर उकिडवी बसले. उताऱ्याची लिंबं एका जागी असतात. ही चार लिंबं गाडीच्या चार चाकांच्या जागी होती, चपटी झालेली. नवी गाडी आणली की आपण चाकाखाली ठेवतो, तशी. नारळ पुढे फुटलेला, कुंकू नारळावर. हा उतारा नव्हताच. ही शुभारंभाची पूजा होती, आणि पूजा निघण्याच्या जागी करतात, पोचण्याच्या नाही. मी लिंबू हाताने उचललं. हवालदारांनी डोळे मिटून घेतले.

मग फाटकाकडे चालत गेले. उन्हं समोरून येत होती. कपाळावर हात धरूनही मला फाटक नीट दिसेना. मी चालत होते, आणि ती पोर वाऱ्याच्या वेगाने गेली होती. टँकरचं पाणी आता वाळलं होतं. पांढऱ्या रेघेच्या जरासं पुढे दोन बारीक खुणा सुरू झालेल्या दिसल्या. फिक्या. मग गडद, आणखी गडद, आणि सरळ टँकर उभा होता तिथपर्यंत. रविवारी त्यांचा गडद भाग पाण्याखाली आणि चिखलाखाली होता, आणि फिक्या भागाकडे मी पाहिलंच नव्हतं. तिने ब्रेक वेळेवर लावले होते. पण रस्ता तिकडे उताराचा होता आणि पुढे वाळू नव्हती.

शेठना ठाण्यात बोलावलं. आमच्या ठाण्यात एक बाक होता, बरोबर घड्याळासमोर. त्यावर माणसाला थोडं बसू दिलं की निम्मी चौकशी घड्याळच करायचं. आत बोलावून मी ट्रॅकचं नावही काढलं नाही. चहा मागवला.

"शेठ, पूजा फार छान झाली म्हणे?"

त्यांचा चेहरा खुलला. "एकदम विधीसर, बेन. आपण महाराज खास बोलावले होते."

"नारळ?"

"स्टार्टला फोडला. पाहुण्यांच्या हस्ते."

"मुहूर्त पाहून?"

"मुहूर्त तर पाहिलाच. दिशापण पाहिली. गाडीचं मोढुं पूर्वेला." मोढुं म्हणजे तोंड. "पश्चिमेला मोढुं करून कुणी शुभ काम करतं का?"

"नाही करत," मी म्हणाले. "पण शनिवारी गाड्यांचं तोंड कुठे होतं?"

शेठनी कप बशीत ठेवला. तो हलका वाजला. घाबरलेल्या माणसाची भांडी आधी बोलतात.

"शनिवारी तर फक्त सराव होता ना, बेन..."

"पश्चिमेला होतं. आणि पश्चिमेला चढ होता, वाळू होती, शेत होतं. फिरवलं कधी?"

त्यांनी कप दूर सारला. मग आवाज बदलला. "बेन, माझ्या वडिलांनी पहिला ट्रक घेतला. घाई होती, पश्चिमेला मोढुं ठेवूनच काढला. घाटात पलटी झाला. आला नाही परत, ना ट्रक, ना बाप. त्या दिवसापासून आमच्या घरची सायकलपण पूर्वेला मोढुं करून निघते. शनिवारी रात्री मला झोपच नाही आली. पहिली गाडी, ती पण गावातली लडकी, आणि पश्चिमेला? आपण तिच्या भल्यासाठी केलं. रस्ता तर तोच ना? लांबी तीच, डांबर तेच. फक्त मोढुं फिरवलं."

"ट्रॅक आखणाऱ्याला विचारलंत?"

"तो सराव संपवून शनिवारीच गेला."

"आणि ती काही बोलली नाही?"

शेठनी मान खाली घातली. "बोलली. म्हणाली, अंकल, मला परत एकदा चालून बघू द्या. वाळू कुठे आहे? तेवढ्यात पाहुणे आले. आपण म्हणालो, बेटा, वाळू पहाटेच तिकडे टाकून घेतली, मी स्वतः उभा होतो. डंपर सांगितला होता, पण आला नव्हता. वाटलं, एवढ्या एका गाडीपुरतं काय होतंय."

निनावी फोनही त्यांच्याच व्यवस्थापकाने केला होता. तेही मग बाहेर आलं. ट्रॅक आखणाऱ्याचा आणि शनिवारी सराव केलेल्या दोन चालकांचा जबाब घेतला. तिघांनीही एका तोंडाने सांगितलं: सराव वाळूच्या दिशेने होता. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

शेठ आणि व्यवस्थापक यांच्यावर दोषारोपपत्र गेलं, मुलीचं नाव आरोपीच्या जागेवरून काढून साक्षीदारांत आलं आणि संघटनेला जो कागद हवा होता तो मी स्वतः सही करून पाठवला. शेठ काय म्हणाले होते ते मी रुग्णालयात जाऊन तिला सांगितलं, विशेषतः एक वाक्य: तिने विचारलं होतं. आईने तिच्या कपाळावरचे केस मागे केले, आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले.

या प्रकरणाने मला शिकवलं ते फार मोठं नाही. शेठ वाईट माणूस नव्हता, त्याला त्या मुलीचं भलंच हवं होतं. पण भलं चिंतणं आणि वाळू टाकणं ही दोन वेगळी कामं आहेत. चालकाने अंगावर चढवायचं ते सगळं तिने चढवलं होतं, आणि त्यानेच ती जगली. बाकीची निम्मी सुरक्षा रस्त्यात असते, आणि ती आखणाऱ्याच्या आणि रस्ता ताब्यात असलेल्याच्या हाती असते, ती चालकाला पाठीवर बांधून नेता येत नाही. मी स्वतःपुरतं एवढंच केलं की पुढे निवृत्त होईपर्यंत एकही घटनास्थळ एकाच टोकाकडून पाहिलं नाही. आधी इकडून तिकडे चालायची, मग तिकडून इकडे. हाताखालची पोरं हसायची. हसू देत.

न्यायालयाचा हुकूम झाल्यावर ती मुद्देमाल घ्यायला ठाण्यात आली. काठी होती, पण चाल ठीक होती. आई बरोबर होती, पोह्यांचा डबा घेऊन. मी हेल्मेट काढून दिलं. तिने ते फिरवून फिरवून पाहिलं, तड्यावर बोट फिरवलं आणि माझ्या टेबलावर परत ठेवलं. आजही ते माझ्या फ्रिजवर आहे. नातवंडं त्यात चेंडू ठेवतात आणि आजी गाडी चालवायची का म्हणून विचारतात. तिने ते ठेवलं आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "हेल्मेट एकदा आपटलं की बाद असतं, मॅडम, माझ्या आता कामाचं नाही. पण काही डोकी आपटल्यावरच चालू लागतात. तुम्हीच ठेवा."